खोकेवालीची नेलगन

करवतीला धार लावणाऱ्याचं दुकान त्या दिवशी उघडं असतं, तर ती शेजारच्या दुकानात कधी डोकावलीच नसती.

तिच्या एका हातात करवतीचं गोल पातं होतं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. दुसऱ्या हातात जड पिशवी. बंद शटरकडे तिने असं पाहिलं, जणू त्याने मुद्दाम तिच्याशी वैर धरलंय. तेवढ्यात शेजारून कॉम्प्रेसरची धडधड ऐकू आली आणि ती त्या दारात जाऊन उभी राहिली.

"हवेची हत्यारं दुरुस्त करता का?"

"काय?" आतल्या टेबलावर वाकलेल्या तरुणाने मान वर केली.

"हवेची! हत्यारं!"

"बोर्डावर तेच लिहिलंय!" तोही ओरडला.

नेमकी त्याच क्षणी टाकी भरली, कॉम्प्रेसर आपोआप थांबला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं तिचं वाक्य त्या शांततेत पडलं, "बोर्ड पुसा आधी, म्हणजे दिसेल!"

दाराशी स्टुलावर बसून गिऱ्हाइकं सांभाळणारी त्याची वहिनी फिसकन हसली. तो मात्र ओशाळला. त्याने हात फडक्याला पुसले आणि पिशवीकडे बोट केलं. "दाखवा."

तिने पिशवीतून खिळे मारायची गन काढून टेबलावर ठेवली. ती स्वतः लाकडी खोकी बनवायची. काचेचे दिवे बनवणारा एक कारखाना होता, त्याचे दिवे तिच्या खोक्यांतून गावोगाव जायचे. बाजारात तिला सगळे खोकेवालीच म्हणत. त्याला म्हणत हवावाला.

"काय होतंय हिला?"

"खिळा अर्धाच जातो. डोकं वर राहतं. पुन्हा घोडा दाबावा तर नुसतं फुस्स. सकाळी नखरे जास्त. दुपारी ऊन तापलं की जरा सरळ वागते."

"म्हणजे सकाळी मूड नसतो."

"तुम्ही गनबद्दलच बोलताय ना?"

वहिनीने तोंडावर पदर धरला. त्याने खिळ्यांची पट्टी काढून घेतली, गन मोकळी असल्याची खात्री केली आणि हवेचा पाइप जोडला. भस्सकन आवाज झाला. गनच्या खाचांत बसलेला सगळा भुसा उडाला तो थेट त्याच्या तोंडावर. भुवया, मिशा, केस... सगळं पांढरं.

ती हसली. खळखळून, मान मागे टाकून. मग स्वतःच गप्प झाली, कारण तोही हसत होता आणि तिच्याकडेच बघत होता.

"म्हातारपणी बरे दिसाल," ती म्हणाली.

"बघायला कोण असेल तेव्हा..."

हे आपण बोललो कसं, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याने घाईने पाइप काढला आणि गनच्या टोपीचे स्क्रू सोडवायला घेतले.

ती गेली नाही. स्टूल ओढून बघत बसली. त्याला गिऱ्हाईक बघत बसलेलं आवडत नसे, पण तिचं बघणं कामाचं होतं. ती विचारी, आणि तो सांगे. हा पिस्टन. ह्याला हे लांब पातं, हेच खिळ्याच्या डोक्यावर आपटतं. ह्या रबरी रिंगा, हवा अडवून धरतात. घोडा दाबला की वरून हवा येते, पिस्टन खाली आपटतो, आणि लगेच वर परततो.

"आणि परतला नाही तर?"

"तर पुढचा बार फुसका."

पिस्टनच्या कडेला मधासारखा चिकट थर होता. जुनं ग्रीस असेल, असं त्याला वाटलं. त्याने सगळं धुऊन कोरडं केलं, नव्या रिंगा बसवल्या आणि फळीवर गन टेकवली. ठक्. खिळ्याचं डोकं लाकडाशी सपाट. तिने गन हातात घेतली. ठक्. ठक्. ठक्. एका रेषेत.

"झाली की शहाणी!"

"ह्यात रोज सकाळी दोन थेंब टाकायचे." त्याने तेलाची छोटी बाटली दिली. "हेच तेल. दुसरं नाही."

ती गेल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊजी, तोंड धुवा आता. का तसंच ठेवायचंय आठवण म्हणून?"

*

थोड्याच दिवसांत ती परत आली. पिशवी तीच, चेहरा रुसलेला.

"तुमच्यासमोर परीक्षा असल्यासारखी वागते, आणि घरी आली की पहिले पाढे पंचावन्न."

त्याने गन उघडली. पुन्हा तोच चिकट थर. आता मात्र त्याच्या कपाळाला आठी पडली. इतक्या लवकर ग्रीस जुनं होत नसतं, आणि त्याने ग्रीस घातलंही नव्हतं.

"तेल कोणतं टाकता?"

"तुम्ही दिलेलंच. दोन थेंब. मोजून."

"नक्की?"

"तुम्हाला काय वाटतं, मी मुद्दाम बिघडवून आणते?" तिने विचारलं, आणि मग तिचे कान लाल झाले. "तुमच्या... तुमच्या इथे यायला?"

"नाही... तसं नाही म्हणत मी."

"बाजारात उलटंच म्हणतात. तुम्हीच अर्धवट ठेवता म्हणे. मी पुन्हा यावं म्हणून."

तो गनच्या पोटात बघत राहिला. आत बघण्यासारखं काही नव्हतं. पण मान वर करायची सोय नव्हती.

"मी तुमच्याकडे येऊन हवा बघतो," तो शेवटी म्हणाला. "कधीकधी गनचा दोष नसतो. हवेचा असतो."

दुसऱ्या दिवशी तो तिच्या शेडवर गेला. पत्र्याचं छप्पर, खाली फळ्यांच्या थप्प्या, मधोमध लांब टेबल. ताज्या चिरलेल्या लाकडाचा गोडसर वास. एका कोपऱ्यात खुर्ची होती आणि खुर्चीत तिचे बाबा. एके काळचे नावाजलेले सुतार. आता त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि मांडीवरही थरथरत होते.

"आई गेली आणि वर्षभरात बाबांचे हात असे झाले," ती हळू आवाजात म्हणाली. "तरी ऐकत नव्हते. एकदा पटाशी तळव्यात घुसली. तेव्हापासून शपथ घातलीय, हत्याराला हात लावायचा नाही. ऐकतात बिचारे."

त्याने कॉम्प्रेसरच्या टाकीखालची चावी उघडली. गढूळ पाणी भळभळा बाहेर आलं.

"अगं बाई! हे कुठून आलं?"

"हवेतूनच. रोज काढायचं असतं हे."

"मग सापडला की चोर!"

तिला इतका आनंद झाला की तिने त्याच्या दंडावर चापट मारली. मग दोघंही आपापल्या हातांकडे बघत उभे राहिले. त्यालाही वाटलं, सापडला. पण पाण्याने गंज चढतो, चिकट थर जमत नाही, हे त्याला तेव्हाच आठवायला हवं होतं. दंडावर चापट बसल्यावर माणसाला बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत.

*

तिसऱ्या वेळी ती हसली नाही.

दिवेवाल्याने निरोप पाठवला होता. खोकी वेळेवर मिळणार नसतील तर तो प्लास्टिकच्या क्रेट बनवणाऱ्याला काम देणार होता. निम्मं दिलंही होतं. शेडमध्ये चार बाजू ठोकलेली, तळ नसलेली खोकी रचून पडली होती.

"आज संध्याकाळपर्यंत गन करून द्या," ती म्हणाली. "आणि ह्या वेळी नीट. मी हात जोडते."

"हात कशाला जोडता... मी स्वतः आणून देतो."

संध्याकाळी तो गेला तेव्हा ती शेडमध्ये नव्हती. रोज संध्याकाळसारखी, तयार झालेली थोडी खोकी टेम्पोत घालून पोचवायला गेली होती. दार लोटलेलं होतं. आत तिचे बाबा टेबलापाशी उभे होते.

त्यांच्यासमोर फडकं पसरलेलं होतं. त्यावर रंधे, पटाश्या, आणि खोक्यांची झाकणं ठोकायची लहान गन. म्हातारा एकेक हत्यार उचलून तेलाच्या बोळ्याने पुसत होता. लहान गनची पाळी आली तेव्हा त्यांनी ती उलटी धरली आणि जिथे हवेचा पाइप जोडतात त्या तोंडात डबीतून तेल ओतलं. थेंब नाही. चांगली धार.

हवावाला दारातच थांबला. तेलाचा तो तुरट वास नाकात शिरला आणि त्याला सगळं कळलं.

"काका, हे तेल कोणतं?"

म्हातारा दचकला. डबीचं झाकण हातातून पडलं. हवावाल्याने ते उचलून दिलं.

"जवसाचं आहे," बाबा म्हणाले. "उकळलेलं. रंध्याला, मुठींना, सगळ्याला हेच लावतो आम्ही. हिची आई रोज संध्याकाळी पुसायची. मी धार लावायचो, ती तेल लावायची. मग हत्यार हातात द्यायची तेव्हा ते कोमट असायचं... तिच्या हाताने." ते थांबले. "धार लावणं आता जमत नाही. पण तेल लागतं. हात थरथरला तरी तेल लागतंच."

"मोठ्या गनलाही?"

"तिला तर सगळ्यात जास्त. पोरीची भाकरी आहे ती."

हवावाला टेबलावर टेकला. जवसाचं तेल लाकडावर सुकतं आणि त्याचं कवच होतं, म्हणून सुतार ते वापरतात. तेच तेल गनच्या पोटात सुकून डिंक होत होतं. सकाळी गारठ्यात घट्ट, दुपारी उन्हाने सैल. हा माणूस रोज संध्याकाळी लेकीच्या गनला जीव लावत होता, आणि तेवढ्यानेच ती अडत होती.

कसं सांगावं? त्याने शब्द शोधले. मिळाले ते असे, "काका, गनला हे तेल जरा... भारी पडतं."

म्हाताऱ्याचा हात थांबला. थरथरायचाही थांबल्यासारखा वाटला.

"म्हणजे... अडते ती ह्याने?"

त्याने तेलाची डबी हळूच बाजूला सरकवली.

"पोरीचं काम गेलं ते... माझ्यामुळे?"

"काका, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ते तेल वेगळं असतं." त्याने खिशातली बाटली काढून त्यांच्या मुठीत ठेवली. "आजपासून गनला हे. संध्याकाळी दोनच थेंब. बाकीच्यांना तुमचं तेल आहेच."

म्हाताऱ्याने बाटली घेतली, पण त्याचं मनगटही धरून ठेवलं.

"तिला सांगू नकोस. ती रागावणार नाही रे, रागावली असती तर बरं झालं असतं. गप्प बसेल, आणि उद्यापासून हत्यारांच्या कपाटाला कुलूप लावेल. मग मी संध्याकाळी काय करू?"

"नाही सांगत," तो म्हणाला.

बाहेर टेम्पो थांबला. दोघांनी घाईने हत्यारं कपाटात सारली, आणि बाबा खुर्चीत जाऊन बसेपर्यंत ती आत आलीच. दमलेली, केसांत भुसा, पण त्याला बघून तिचे डोळे क्षणभर उजळले.

"झाली? ह्या वेळी काय निघालं?"

त्याने कोपऱ्याकडे पाहिलं. खुर्चीतला म्हातारा जमिनीकडे बघत होता.

"माझी चूक होती," तो म्हणाला. "रिंगा चुकीच्या मापाच्या बसवल्या होत्या मी."

"दोन्ही वेळा?"

"...हो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. डोळ्यांतला उजेड हळूहळू विझला.

"लोक म्हणायचे ना, तो मुद्दाम अर्धवट ठेवतो म्हणून? मी हसायचे. खरं सांगू? आतून बरं वाटायचं मला. वाटायचं, ठेवत असेल तर ठेवू दे." तिने रचून ठेवलेल्या थप्पीकडे बोट केलं. "पण ही खोकी बघा. निम्मं काम हातचं गेलं. गन अर्धवट ठेवायचं कळतं माणसाला, तर थट्टा कुठे थांबवायची हेही कळायला हवं."

"थट्टा नव्हती ती."

"मग काम येत नाही तुम्हाला. दोन्हीपैकी कोणतं मानू?"

ती पुढे झाली आणि त्याच्या हातातून गन घेतली. बोटांना बोटं लागली, पण तिने हात झटकन काढून घेतला.

"पुन्हा त्रास देणार नाही मी," ती म्हणाली.

*

गन नीट चालू लागली. म्हणजे आता तिला त्याच्या दुकानात यायचं काहीच कारण उरलं नाही.

करवतीचं पातं घेऊन ती शेजारी यायची, पण समोरच्या फुटपाथवरून. एकदा त्याने पाहिलं, ती रस्ता ओलांडताना इकडे बघत होती. त्याने हात वर केला. तेवढ्यात मधून एक ट्रक गेला, आणि ट्रक गेल्यावर ती नव्हती.

त्याने एका गिऱ्हाइकाच्या गनमध्ये पिस्टन उलटा बसवला. दुसऱ्याची दुरुस्त झालेली पुन्हा उघडली. वहिनीने दोन दिवस बघितलं आणि मग तोंड उघडलं.

"तिची गन सुधारली आणि तुम्ही बिघडलात. काय केलंत काय?"

"काही नाही."

"तिला काही लागेल असं बोललात?"

"एक खोटं बोललो."

"आणि आता खरं सांगायला जीभ झिजते?"

"ते खरं माझं नाहीये, वहिनी. दुसऱ्या कुणाचं आहे."

वहिनीने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

*

तिकडे शेडमध्ये एका सकाळी लहान गन अडली. झाकणांचे बारीक खिळे अर्धेच जाऊ लागले. तिने पुन्हा दाबलं. फुस्स.

ती गन हातात घेऊन उभी राहिली. ही गन हवावाल्याच्या दुकानात कधी गेलीच नव्हती. त्याने हिच्या रिंगांना बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. मग हिला तोच आजार कसा?

तिने पाइप काढला, खिळे काढले, आणि त्याला करताना पाहिलं होतं तसं एकेक स्क्रू सोडवून टोपी उघडली. आत पिस्टनच्या कडेला मधासारखा थर. तिने बोट फिरवलं आणि सहज नाकाजवळ नेलं.

हा वास तिला ठाऊक होता. लहानपणी आई जवळ घ्यायची तेव्हा तिच्या हातांना हाच वास यायचा.

त्या संध्याकाळी टेम्पोबरोबर ती गेली नाही. ड्रायव्हरला एकट्यालाच पाठवलं आणि दाराआड थांबली. थोड्या वेळाने बाबा खुर्चीतून उठले. त्यांनी कपाट उघडलं, फडकं पसरलं, हत्यारं ओळीने मांडली. रंध्याला जवसाचं तेल लावलं. मग मोठी गन घेतली, खिशातून एक छोटी बाटली काढली आणि श्वास रोखून, एका हाताने दुसरा हात धरून, दोन थेंब टाकले. बाटली तिच्या ओळखीची होती. तशीच एक तिच्याकडेही होती, आणि ती कुणी दिली होती हेही तिला माहीत होतं.

ती आत आली. म्हाताऱ्याने बाटली पाठीमागे लपवली, लहान मुलासारखी.

"बाबा, आई कुठे बसायची? ह्या बाजूला ना?"

त्यांनी हळूच मान हलवली.

"सरका जरा."

ती शेजारी बसली. दुसरं फडकं घेतलं आणि एक पटाशी उचलली. कितीतरी वेळ दोघं नुसती पुसत होती. मग बाबाच बोलू लागले. सगळं. लहान गनमध्ये आधी ओतलेलं तेलही. कपाटाला कुलूप लावशील का, हेही त्यांनी विचारलं.

"कुलूप कशाला? रोज संध्याकाळी दोघं मिळून पुसू. पटाश्या मात्र मी."

"त्या पोराला मीच गप्प बसवलं," बाबा म्हणाले. "खोटं अगदीच वाईट बोलतो गं तो. पण माणूस भला आहे."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हवावाल्याच्या दुकानात शिरली. ना पिशवी, ना पातं. वहिनीने तिच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं आणि स्टुलावरून उठली.

"मी जरा पलीकडून दोरा आणते."

"कसला दोरा, वहिनी?" त्याने विचारलं.

"मिळेल तो."

वहिनी गेली. टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ही.

"काय बिघडलंय आज?" त्याने विचारलं.

"लहान गन अडली होती. मी उघडली आणि धुतली. चालतेय." ती थांबली. "बाबांनी सांगितलं सगळं."

त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"तुमच्या कामाला नावं ठेवली मी. तुम्ही ऐकून घेतलंत. का?"

"शब्द दिला होता त्यांना."

"आणि मी पुन्हा आलेच नसते तर?"

"...तर आला नसता तुम्ही." तो हळूच म्हणाला. "पण त्यांच्या संध्याकाळी राहिल्या असत्या."

ती टेबलावरच्या एका रिंगेशी खेळत राहिली. रिंग निसटून त्याच्या बाजूला घरंगळली. त्याने ती उचलली, पण परत दिली नाही.

"बाबांसाठी खोटं बोललात ते मी मनात ठेवणार नाही," ती म्हणाली. "पण आता खरं बोलायचं. विचारते त्याची सरळ उत्तरं द्या."

"विचारा."

"दुसऱ्यांदा गन बिघडून आली तेव्हा आनंद झाला होता?"

त्याने छताकडे पाहिलं. "...झाला होता."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तुमचं काम अडलं होतं... वाईट वाटलं." मग त्याने मान खाली घातली. "आणि तरीही आनंद झाला. जास्तच."

"आणि आता अजिबात बिघडत नाही, तर?"

"आता झोप लागत नाही."

ती हसली. पहिल्या दिवशीसारखी नाही. अगदी हळू, आणि डोळ्यांत पाणी होतं.

"मलाही," ती म्हणाली.

बाहेरून वहिनीच्या चपलांचा आवाज आला, दाराशी थांबला, आणि पुन्हा लांब गेला.

"बाबांना सोडून मी कुठेही जाणार नाही," ती म्हणाली. "हे आधीच सांगते."

"मी कुठे म्हटलं सोडा म्हणून? तुमच्या शेडमध्ये..." त्याने घसा साफ केला. "मागच्या भिंतीशी, कॉम्प्रेसरच्या पलीकडे, थोडी मोकळी जागा आहे. दुरुस्तीचं हे टेबल तिथे... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर... मावेल का, कोण जाणे..."

"मी मोजलंय सकाळी," ती म्हणाली. "मावतं."